दोन दिवाळ्यांच्या मध्ये: बाळंतपणानंतरच्या स्तन-शस्त्रक्रियेचं एक प्रकरण

हे प्रकरण एकाच बाईचं म्हणून सांगितलं आहे, पण त्यात तीन-चार जणींचे तपशील मिसळले आहेत. गाव, नोकरी, आकडे ओळख पटणार नाही इतपत बदलले आहेत. मी प्लास्टिक सर्जन आहे. बाळंतपणानंतर माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकींना ‘काय करता येईल’ हे साधारण ठाऊक असतं, मोबाइलवर सगळं दिसतं. ‘कधी’ हे मात्र त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. माझ्या मते या शस्त्रक्रियेचं बरंवाईट टाक्यांइतकंच तारखेवर ठरतं. म्हणून सविस्तर लिहिते आहे.

पहिली भेट

जून महिना, शाळा उघडायला चार दिवस होते. वय ३४, प्राथमिक शाळेत शिक्षिका, दोन मुली. मोठी सहा वर्षांची, धाकटी दहा महिन्यांची. दोन्ही बाळंतपणं नॉर्मल. सोबत नणंद होती, बाळ तिच्याच कडेवर. नवरा खाली गाडीत बसला होता.

खुर्चीत बसता बसता तिने विचारलं, “मॅडम, दिवाळीच्या सुट्टीत करून घ्यायचंय. तेवढ्यात उरकेल ना?”

तक्रार विचारली तर आधी नणंदेकडे पाहिलं, मग म्हणाली, “सगळं रिकाम्या पिशवीसारखं झालंय.” वरचा भाग बसलेला, खालचा लोंबणारा, डावी बाजू उजवीपेक्षा मोठी. खालच्या घडीत घामाने पुरळ येतं, उन्हाळ्यात तर कातडी सोलवटते. ब्लाऊजचं माप दर दोन महिन्यांनी बदलतं, शिंपीणसुद्धा कंटाळली. फळ्यावर लिहायला हात वर केला की डाव्या बाजूला ओढ बसते. आणि नणंद बाळाला घेऊन व्हरांड्यात गेल्यावर, आवाज खाली आणून: नवऱ्यासमोर दिवा बंद केल्याशिवाय कपडे बदलत नाही.

“पाजल्यामुळेच झालं ना हे?” असंही तिने विचारलं. मोठीच्या वेळी शेजारच्या एका बाईने ‘अंगावर पाजलं की छाती उतरते’ म्हणून सांगितलं, म्हणून चौथ्या महिन्यातच वरचं दूध सुरू केलं होतं. ते सांगताना तिच्या बोलण्यात अपराधीपणा होता. या समजुतीने किती पोरांचं दूध तोडलं असेल! खरी गोष्ट अशी की अमेरिकेतल्या केंटकी विद्यापीठातले सर्जन ब्रायन रिंकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमका हाच प्रश्न तपासला होता. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात पाजणं आणि स्तन ओघळणं यांचा संबंध आढळला नाही. संबंध आढळला तो वाढत्या वयाशी, वजनाशी, गरोदरपणांच्या संख्येशी, मुळातल्या मोठ्या आकाराशी आणि धूम्रपानाशी. ओघळण्याची सुरुवात गरोदरपणातच होते, मग बाळ अंगावर पिवो वा न पिवो. हे मी तिला सांगितलं तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही.

तेवढ्यात व्हरांड्यात बाळ रडायला लागलं. नणंदेने आणून दिलं, हिने ओढणी घेतली आणि डावीकडे धरलं. “ही डावीकडेच ओढते, उजवीकडे तोंड फिरवते,” म्हणाली. बाळ पिऊ लागलं आणि दोनच मिनिटांत तिच्या कुर्त्यावर उजव्या बाजूला रुपयाएवढा ओला डाग उमटला. तिने पटकन त्यावर तळहात दाबला. एवढं दूध येतंय म्हटल्यावर या दिवाळीचा विचार मी तिथेच सोडून दिला.

तपासणी

उंची १५७ सेंटिमीटर, वजन ७२ किलो, म्हणजे बॉडी मास इंडेक्स, उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २९ च्या वर. लग्नातलं वजन ५४ होतं, धाकटीच्या आधीचं ६३. मानेच्या खालच्या खळग्यापासून स्तनाग्रापर्यंतचं अंतर उजवीकडे साडेसव्वीस, डावीकडे अठ्ठावीस सेंटिमीटर. मध्यम बांध्याच्या बाईत हे अंतर साधारण एकोणीस ते एकवीस असतं. स्तनाच्या खालच्या घडीच्या तुलनेत स्तनाग्र कुठे आहे यावरून ओघळण्याची पायरी ठरवतात, ही सर्जन रेन्यो यांची १९७६ ची वर्गवारी. स्तनाग्र घडीच्या पातळीवर असेल तर पहिली पायरी, घडीच्या खाली उतरलं पण स्तनाच्या तळापेक्षा वर असलं तर दुसरी, तळाशी जाऊन जमिनीकडे पाहायला लागलं तर तिसरी. हिची उजवी बाजू दुसरीत, डावी तिसरीत.

डावीकडे काखेच्या बाजूला लिंबाएवढी, मऊ, हलणारी गाठ हाताला लागली. घरी सगळ्यांनी ‘दुधाची गाठ आहे, शेक दे’ म्हणून सांगितलं होतं. घरच्यांचा अंदाज खरा निघाला, पण तो सोनोग्राफी झाल्यावर. सुईने काढलं तर दाट, सायीसारखं दूध आलं. हे मुद्दाम लिहिते, कारण पाजणाऱ्या आईच्या छातीतली प्रत्येक गाठ दुधाचीच असते असं नाही. दोन-चार आठवड्यांत विरली नाही तर तपासायलाच हवी, आणि पाजत असताना सोनोग्राफी बिनधास्त करता येते.

हिमोग्लोबिन ९.८. आपल्याकडे याचं नवल वाटत नाही हेच दुःख. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के बायका रक्तक्षयी निघाल्या. थायरॉइडची तपासणी नॉर्मल आली.

आणि मशेरी. ‘सिगारेट ओढता का’ असं विचारलं तर आमच्या भागातली बाई हसते. ‘मशेरी लावता का’ विचारलं की खाली बघते. हिला दुसऱ्या बाळंतपणात दात ठणकायचे, माहेरी मावशीने सवय लावली. दिवसातून दोनदा. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखू, आणि निकोटिन धुरातून आलं काय, हिरड्यांतून आलं काय, कातडीच्या बारीक रक्तवाहिन्या आवळायचं काम तेच करतं. या शस्त्रक्रियेत स्तनाग्र एका अरुंद ऊतींच्या पट्ट्यावरच्या रक्तपुरवठ्यावर जगतं. तो पुरवठा तोकडा पडला तर स्तनाग्राचा काही भाग काळा पडून गळून जाऊ शकतो. शिक्षिकेला मशेरीबद्दल विचारायचं अवघड वाटतं म्हणून विचारायचं टाळलं, असं सर्जनने करू नये.

‘या दिवाळीत नाही’ का म्हटलं

गरोदरपणात स्तनातल्या दूधग्रंथी वाढतात, चरबीची जागा घेतात, कातडी ताणली जाते, आतले आधाराचे धागे सैलावतात. दूध सुटल्यावर ग्रंथी आक्रसतात आणि पुन्हा हळूहळू चरबी भरते. याला महिने लागतात. म्हणजे जूनमध्ये मी जो स्तन मोजला तो तात्पुरता होता. त्यावर माप टाकून कातडी कापली असती तर दूध सुटल्यावर आतलं भरण कमी होऊन पुन्हा सैल पिशवी उरली असती, वर व्रण फुकटचे. शिवाय दुधाने भरलेल्या नलिका कापल्या की जखमेतून दूध झिरपतं, आत साठतं, त्यात जंतू वाढतात. शेवटचं पाजणं झाल्यापासून किमान तीन महिने थांबावं असं काही सर्जन सांगतात. मी सहा महिन्यांच्या आधी कुणालाच तारीख देत नाही. घरी वाद होईल, पण हात चालवायचा तर स्थिरावलेल्या अंगावरच.

यावर तिचा पहिला विचार: “मग उद्यापासून पाजणं बंद करते.”

नको म्हटलं. जागतिक आरोग्य संघटना सहा महिने फक्त आईचं दूध आणि पुढे वरच्या अन्नाबरोबर दोन वर्षं किंवा त्याहून जास्त पाजायला सांगते. सौंदर्याच्या शस्त्रक्रियेसाठी बाळाला अंगावरून तोडायला मी कुणाला सांगणार नाही. पाजून पाजून ज्यांना नको झालंय, त्यांनी स्वतःच्या कारणासाठी थांबवावं. हिला तसं नव्हतं. रात्रीचं पाजणं तिला आवडत होतं, दिवसभर शाळेत गेल्यावर तेवढीच जवळीक, हे तिनेच आधी सांगितलं होतं.

वजनाचंही तसंच. वजन उतरतीला लागलेलं असताना, किंवा उतरवायचं ठरलेलं असताना, कातडीचं माप घेणं चुकीचं. ते किमान तीन महिने एका जागी टिकायला हवं.

पण हे सगळं कॅलेंडरने सुटणारं. अडलं ते पुढच्या प्रश्नावर. “आणखी मूल हवंय का?” हे मी प्रत्येकीला विचारते, कारण पुढचं गरोदरपण आलं की कातडी पुन्हा ताणते आणि केलेलं काम बरंचसं वाया जाऊ शकतं. तिने उत्तर दिलं नाही. नणंदेने दिलं: “दोघी मुलीच आहेत ना, डॉक्टर.”

एवढंच. त्या ‘ना’मध्ये सगळं होतं. मी नणंदेला बाळाला घेऊन पुन्हा व्हरांड्यात जायला सांगितलं.

एकटी उरल्यावर ती रडली. सासूबाई थेट बोलत नाहीत, पण चुलत जाऊबाईंना मुलगा झाला तेव्हा पेढे वाटताना जे बोलल्या ते हिने ऐकलंय. नवरा ‘बघू’ म्हणतो. झोप नाही, शाळेत मुलांवर ओरडते, मग घरी येऊन वाईट वाटतं. आणि हे शरीर आपलं नाहीच असं वाटतं. हे शेवटचं वाक्य शस्त्रक्रियेचं कारण म्हणूनही ऐकता येतं आणि आजाराचं लक्षण म्हणूनही. मी दुसरं मानलं. बाळंतपणानंतरचं नैराश्य ओळखायला एडिंबरा प्रश्नावली नावाचे दहा प्रश्न असतात, १९८७ पासून वापरात आहेत, दहा मिनिटांत होतात. तिचे गुण ३० पैकी १५ आले. जिवाचं बरंवाईट करण्याबद्दलच्या प्रश्नाला शून्य, तेवढा धीर. तेराच्या वर गुण गेले की मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवायचंच.

गोव्यात मनोविकारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बाळंतिणींचा अभ्यास केला होता, २००२ मध्ये तो प्रसिद्ध झाला. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के मातांना नैराश्य होतं, आणि जोखमीच्या कारणांत गरिबी, नवरा-बायकोतला बेबनाव यांच्याबरोबर मुलगी होणं हेही होतं. आमच्या शस्त्रक्रिया विभागात हा अभ्यास कुणी वाचत नाही. वाचायला हवा. उदास असताना आरशात दिसणारी छाती आणि मन ताळ्यावर आल्यावर दिसणारी छाती या दोन वेगळ्या असतात, आणि पहिलीसाठी केलेली शस्त्रक्रिया कुणालाच समाधान देत नाही.

तिला मी चार गोष्टी कागदावर लिहून दिल्या: मनोविकारतज्ज्ञांची चिठ्ठी, लोहाच्या गोळ्या, मशेरी बंद, आणि पाजणं थांबल्याची तारीख वहीत टिपून ठेवायची. पुरळासाठी मलम आणि रुंद पट्ट्यांची, खालून आधार देणारी ब्रा. ब्रा नीट मापाची नसणं ही निम्मी तक्रार असते. तिची ३८ ची होती, लागायची ३४ ची मोठ्या कपची. त्या एका बदलाने फळ्यावर लिहितानाची ओढ कमी झाली, हे तिने नंतर फोनवर कळवलं. काहीजणींचं प्रकरण इथेच मिटतं, त्या पुन्हा येत नाहीत. चांगलंच आहे.

मधलं वर्ष

फेब्रुवारीअखेर, धाकटी दीड वर्षांची झाल्यावर, रात्रीचं शेवटचं पाजणं सुटलं. ओढाताण झाली नाही. पोरगी आजीजवळ झोपायला लागली आणि आठवड्यात विसरली. तारीख वहीत होती.

जुलैमध्ये ती आली. यावेळी सोबत सासूबाई. मला धसकाच बसला होता, पण तो चुकीचा ठरला. वजन ६४, गेले तीन महिने तेवढंच. शाळेतून येताना बसचे दोन थांबे चालत यायची, रात्रीचा भात सोडला होता. हिमोग्लोबिन १२.१. मनोविकारतज्ज्ञांनी सर्ट्रालिन हे नैराश्यावरचं औषध दिलं होतं, पाजत असतानाही चालणारं, त्याबरोबर समुपदेशनाच्या बैठका, त्यांतल्या दोनांना नवराही गेला. एडिंबराचे गुण ५.

मोजमाप पुन्हा घेतलं. उजवीकडे सव्वीस, डावीकडे सत्तावीस. दोन्ही बाजूंतला फरक दीडवरून एक सेंटिमीटरवर आला होता, काहीही न करता. जूनमध्ये कापलं असतं तर डावीकडून मी नको तेवढं काढलं असतं. माझ्या वहीत या दोन नोंदी मी एकाखाली एक ठेवल्या आहेत.

स्तनाग्र दाबल्यावर मात्र अजून थेंब आला. “रोज बघते, थांबलं का ते,” ती म्हणाली. त्या बघण्यानेच ते थांबत नव्हतं. दाबलं की अंगाला वाटतं बाळ अजून पितंय. दूध आणणारं संप्रेरक, प्रोलॅक्टिन, तपासलं, नॉर्मल. दाबणं बंद कर म्हटलं. सप्टेंबरपर्यंत पूर्ण सुकलं.

आणखी मुलाचा प्रश्न मी पुन्हा काढला, सासूबाईंसमोरच. ती म्हणाली, “नाही. दोघी पुरे. आम्ही ठरवलंय.” ‘आम्ही’ म्हणाली. तिने तांबी बसवून घेतली होती. नसबंदीवर घरात एकमत नव्हतं, तो विषय त्यांनी बाजूला ठेवला होता. तांबी दहा वर्षं चालते, मला तेवढं पुरेसं होतं. सासूबाई काही बोलल्या नाहीत. थोड्या वेळाने त्यांनी वेगळंच विचारलं: “ते घडीतल्या पुरळाचं मलम मला पण चालेल का हो? मला चाळीस वर्षं आहे. आम्हाला वाटायचं हे असंच असतं.”

काय करायचं

ती मोबाइलवरचे फोटो घेऊन आली होती. जवळजवळ सगळे इम्प्लांटचे. आत भरलं की आपोआप वर येईल, असा तिचा समज. थोडा आकार गेलेला आणि स्तनाग्र घडीच्या वरच असेल तर नुसतं इम्प्लांट कामाला येतं. ओघळण्याची दुसरी-तिसरी पायरी असेल तर सैल कातडीत वजन घातल्यासारखं होतं, ते आणखी खाली ओढतं. मग कातडी आवळणं आणि इम्प्लांट दोन्ही करावं लागतं, आणि त्या दुहेरी शस्त्रक्रियेत पुन्हा टेबलावर यावं लागण्याची शक्यता वाढते.

मी तिला आरशासमोर उभं केलं, दोन्ही तळहातांनी स्तन उचलून धरायला सांगितलं. “आकार एवढा चालेल?” तिने बराच वेळ पाहिलं. “हो. एवढंच तर होतं माझं.” म्हणजे प्रश्न भरणाचा नव्हता, जागेचा होता. शेकडो फोटोंनी होत नाही ते या एका कृतीने होतं.

तरी इम्प्लांटबद्दल तिला सगळं सांगितलं, कारण निर्णय तिचा. पहिलं सिलिकॉन इम्प्लांट १९६२ मध्ये टेक्ससमधल्या ह्यूस्टनला बसवलं गेलं. साठ वर्षांत सुधारणा पुष्कळ झाल्या, पण ते जन्मभराचं नाही, हे आजही खरं. भोवती अंग स्वतःचं आवरण तयार करतं, काहींत ते कडक होऊन दुखतं. आतून फुटलं तर बाहेरून कळत नाही, म्हणून अमेरिकेचं अन्न व औषध प्रशासन पाच-सहा वर्षांनी पहिली सोनोग्राफी किंवा एमआरआय आणि मग दर दोन-तीन वर्षांनी एक असं सांगतं. खरखरीत पृष्ठभागाच्या इम्प्लांटशी लसिका ग्रंथींच्या एका दुर्मीळ कर्करोगाचा संबंध आढळल्यावर जुलै २०१९ मध्ये अ‍ॅलर्गन कंपनीचे तसे इम्प्लांट जगभरातून परत मागवले गेले. २०२१ मध्ये त्याच प्रशासनाने इम्प्लांटवर ठळक इशारा सक्तीचा केला. ज्यांना हे सगळं समजून तरीही हवं असतं त्यांना मी बसवते. हिला नको होतं.

ठरलं ते नुसतं उचलणं, मास्टोपेक्सी. त्यात काय मिळणार नाही हेही सांगितलं. वरचा भाग विशीतल्यासारखा भरणार नाही. स्तनाग्राभोवती आणि तिथून खाली घडीपर्यंत व्रण राहणार, ते वर्षभराने फिकट होतील, जाणार नाहीत. स्तनाग्राची संवेदना कमी होऊ शकते. आणि तांबी असूनही कधी मूल झालंच, तर दूध येईल का याची हमी नाही. स्तनाग्र खालच्या ग्रंथींपासून तोडायचं नाही अशीच पद्धत मी निवडते, पण हमी नाही म्हणजे नाही.

नवऱ्याने मेडिक्लेमचं विचारलं. सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया विम्यात बसत नाही, अपघात, भाजणं, कर्करोगानंतरची पुनर्रचना असेल किंवा वैद्यकीय गरज सिद्ध झाली तरच. वर १८ टक्के जीएसटी, कारण आरोग्यसेवेला असलेली सूट अशा शस्त्रक्रियेला नाही. त्याने पैशाचं गणित मांडलं, तिने स्वतःच्या भविष्य निर्वाह निधीतून काढायचं ठरवलं. मी त्यात पडले नाही. एवढंच म्हटलं की स्वस्त पडतं म्हणून कुठेही जाऊ नका. प्लास्टिक सर्जरीतली एमसीएच किंवा डीएनबी पदवी आणि महाराष्ट्र वैद्यक परिषदेची नोंदणी आधी बघा. तीन दिवसांच्या कोर्सवर पाटी लावणारे पुष्कळ आहेत.

शस्त्रक्रिया

दिवाळीच्या सुट्टीतच झाली, फक्त एक वर्षाने. भाऊबीज होऊ दे, मग, असं तिचं म्हणणं. मलाही ते बरं वाटलं. फराळाचे डबे उतरवणं, सतरंज्या झटकणं हे सगळं उरकलेलं असतं. दूध सुटून आठ महिने झाले होते, मशेरी सुटून पाच.

खुणा उभं असतानाच करायच्या, कारण आडवं झालं की स्तन काखेकडे सरकतो आणि सगळी मापं खोटी पडतात. सकाळी साडेसातला ती भिंतीला पाठ लावून उभी, मी समोर स्टुलावर, हातात जांभळा मार्कर. गळ्याच्या खळग्यापासून मधली रेष. मग खालच्या घडीत बोट घालून ती पातळी पुढच्या कातडीवर आणली, नवं स्तनाग्र तिथे. दोन्हीकडे साडेएकवीस सेंटिमीटर. डावीकडे अर्धा सेंटिमीटर खाली घेतलं, कारण जड बाजू सुटल्यावर कातडी थोडी वर आक्रसते. तिने खाली मान घालून रेषा पाहिल्या आणि म्हणाली, “ब्लाऊज बेतल्यासारखं आहे.” बेतणंच आहे ते.

पूर्ण भूल, तीन तास. स्तनाग्र वरच्या-आतल्या बाजूच्या पट्ट्यावर ठेवून वर घेतलं, खालची सैल कातडी काढली, दोन्ही कडा मध्ये आणून शिवल्या. डावीकडून ८० ग्रॅम ऊती निघाल्या, त्या तपासणीला पाठवल्या, अहवाल निर्दोष. दुसऱ्या दिवशी घरी.

अवघड भाग इथून पुढचा, आणि त्याबद्दल फारसं कुणी लिहीत नाही. दोन वर्षांची मुलगी आईकडे हात पसरते आणि आईने तिला चार ते सहा आठवडे उचलायचं नाही. अकरा किलोचं मूल कडेवर घेतलं की टाके ताणतात, आतून रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून वेळ ठरवताना मी एक साधी गोष्ट बघते: मूल खुर्चीवरून स्वतः मांडीवर चढतं का? चढत असेल तर आई बसून कुशीत घेऊ शकते. ही चढत होती. दहा महिन्यांची असताना नसती चढली. माहेरून आई येऊन महिनाभर राहिली, रात्री पोरगी आजीजवळ. स्कूटी पाचव्या आठवड्यात. सुट्टीला जोडून आणखी रजा घ्यावी लागली. ‘सुट्टीत उरकेल’ हा तिचा जूनमधला हिशेब तसाही चुकीचाच होता.

बाराव्या दिवशी डावीकडे उभ्या टाक्याचं खालचं टोक उकललं, दीड सेंटिमीटर. ही जागा सगळ्यात जास्त ताणाची, इथे उकलणं नवं नाही. पण ती घाबरली, फोटो पाठवून रात्री अकराला फोन केला. तीन आठवडे ड्रेसिंग केल्यावर भरलं. तिथला व्रण इतर जागेपेक्षा रुंद आहे आणि राहील. डाव्या स्तनाग्राला चार महिने बधिरपणा होता, मग मुंग्या येत येत संवेदना परतली. पूर्ण नाही, ती म्हणते पाऊण.

वर्षानंतर

वर्ष झाल्यावर मोजलं तर उजवीकडे साडेबावीस, डावीकडे बावीस. सेंटिमीटरभर उतरणं धरलेलंच असतं. पुरळ गेलं. ब्रा ३४ चीच. व्रण अजून गुलाबी होते, सिलिकॉन पट्टी चालू ठेवायला सांगितली. पुढे कधी मॅमोग्राफी करायची वेळ आली तर शस्त्रक्रिया झाल्याचं आधी सांगायचं, आतले व्रण फोटोत गाठीसारखे दिसू शकतात, हे फाइलवर मोठ्या अक्षरात लिहून दिलं. सर्ट्रालिन मनोविकारतज्ज्ञांनी हळूहळू कमी करून बंद केलं होतं.

नवऱ्याला कसं वाटलं हे मी विचारत नाही. तिनेही सांगितलं नाही. सांगितलं ते हे, की शाळेच्या स्नेहसंमेलनात नऊवारी नेसली आणि पदर सारखा सावरला नाही.

निघताना दारात थांबून तिने सासूबाईंचं काढलं. वय ६२, पुरळ चिघळतंय, खांद्यावर ब्राच्या पट्ट्यांचे खोल वळ पडलेत, पाठ दुखते. त्यांना स्वतः विचारायला लाज वाटते. त्यांचा प्रश्न आकाराचा आहे, छोटं करून घेण्याचा, आणि तो वेगळ्या कागदावर मांडावा लागेल. साखर २४० आहे म्हणाली. आधी ती खाली आणायला सांगितली आणि पुढच्या गुरुवारची सकाळची वेळ लिहून दिली.